एका डच पंडिताचे छंद

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या दिवशी आमचा एक जुना विद्यार्थी आमच्या बीडच्या घरी भेटावयास आला. नमस्कार झाला, फराळ झाला, आणि निघता निघता त्याने पिशवीतून एक इंग्रजी पुस्तक काढून आमच्या हाती दिले. "गुरुजी, हे आपल्याकरिता आणले आहे. फक्त बंबात घालू नका म्हणजे झाले!" असे तो हसत हसत म्हणाला. ओसरीवर बसलेली मंडळी हसली, आम्हीही हसलो. परंतु त्या हसण्यात आमचा जीव नव्हता. त्याचे कारण सांगितल्यावाचून पुढील लेखाचे प्रयोजन वाचकांच्या ध्यानी यावयाचे नाही.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी आम्ही या जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी संस्कृत शिकवीत असू. नववीच्या वर्गात हा मुलगा पहिल्या बाकावर बसे. बुद्धी तीव्र, पाठांतर चोख. शब्दरूपे तर अशी म्हणे की ऐकत राहावे. एके दिवशी संस्कृताच्या पुस्तकाआड त्याने एक रहस्यकथा दडवलेली आम्हांस आढळली. आम्ही ती काढून घेतली, घरी आणली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे स्नानाचे पाणी तापविताना बंबात घातली. देववाणीच्या पोटात असले वाङ्मय ठेवावे हा आमच्या मते अपराधच होता. दोन दिवसांनी मुलगा भीत भीत पुस्तक मागावयास आला, तेव्हा आम्ही त्यास खरे ते सांगितले. तो काही बोलला नाही. पुस्तक वाचनालयातून भाड्याने आणलेले होते असे मागाहून कळले. त्याची भरपाई त्याने कशी केली याची विचारपूस आम्ही केली नाही. पुढल्या वर्षी त्याने संस्कृत सोडले.

आता त्याने आणलेले पुस्तक होते 'द चायनीज गोल्ड मर्डर्स', म्हणजे पुन्हा रहस्यकथाच! कर्ता रॉबर्ट व्हान गुलिक नावाचा कोणी डच गृहस्थ. आमच्या मुद्रेवरील भाव ओळखून विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, याच गृहस्थांनी कालिदासाचे 'विक्रमोर्वशीय' आपल्या भाषेत नेले आहे." आम्हांस ती थट्टा वाटली. परंतु ती थट्टा नव्हती. आमचे इंग्रजी जुन्या मॅट्रिकपुरते. कोश जवळ घेऊन आणि अडले तेथे नातीस विचारून आम्ही ते पुस्तक तीन आठवड्यांत संपविले. पुढे विद्यार्थ्याने या ग्रंथकाराची आणखी पुस्तके आणि त्याच्याविषयीचे लेखनही पाठविले. त्यातून जे हाती लागले ते येथे सादर करीत आहोत.

डॉ. व्हान गुलिक यांचा जन्म ९ ऑगस्ट १९१० रोजी हॉलंडमधील झुट्फेन येथे झाला. वडील लष्करात डॉक्टर असून त्यांची नेमणूक जावा बेटात होती, त्यामुळे मुलाचे बाळपण बटाविया शहरी, म्हणजे आजच्या जकार्तात, गेले. वडिलांस चिनी मातीच्या भांड्यांचा शोक होता. त्या भांड्यांवरची अक्षरे आणि चिनी दुकानांवरच्या पाट्या यांनी या मुलाच्या मनास जी भूल घातली ती जन्मभर उतरली नाही. बाराव्या-तेराव्या वर्षी तो मायदेशी परतला आणि नायमेगेन येथील शाळेत जाऊ लागला. त्या गावी उलेनबेक नावाचे थोर भाषाशास्त्रज्ञ निवृत्त होऊन राहिले होते. त्यांनी या शाळकरी पोरास जवळ केले आणि संस्कृत शिकविले! एवढेच नव्हे, तर अमेरिकेतील ब्लॅकफूट या आदिवासी लोकांच्या भाषेचा शब्दसंग्रह सिद्ध करण्याच्या कामी त्यास हाताशी धरले. तो संग्रह १९३० साली प्रसिद्ध झाला तेव्हा त्यावर गुरूबरोबर शिष्याचेही नाव होते, आणि शिष्याचे वय होते वीस.

येथे आम्हांस क्षणभर थांबावेसे वाटते. एका निवृत्त पंडिताने एका पोराची नसती चौकस बुद्धी पाहून तिला खाद्य पुरविले. आम्ही काय केले ते वर सांगितलेच आहे.

पुढे लायडेन येथे चिनी व जपानी भाषांचे अध्ययन करीत असता, वयाच्या बाविसाव्या वर्षी, १९३२ साली, त्यांचे 'उर्वशी' प्रसिद्ध झाले. तेच 'विक्रमोर्वशीया'चे डच भाषांतर. १९३५ साली युट्रेख्त विद्यापीठाने त्यांस डॉक्टरची पदवी दिली. तिचा प्रबंध होता हयग्रीवावर. मधुकैटभांनी पळविलेले वेद परत आणणारा अश्वमुख विष्णू तो आपला हयग्रीव. तोच बौद्ध मंत्रमार्गाने तिबेट, चीन असा प्रवास करीत जपानात पोहोचला आणि तेथे घोड्यांचा पाठीराखा होऊन रस्त्याकडेच्या दगडांवर बसला. त्या संपूर्ण वाटचालीचा मागोवा या प्रबंधात घेतला आहे.

परंतु आमचे मन ज्या ग्रंथाने हलविले तो निराळाच आहे. त्याचे नाव 'सिद्धम्'. चीन व जपान या देशांतील संस्कृताध्ययनाचा हा इतिहास १९५६ साली छापला गेला, आणि तो लंडनला वा लायडेनला नव्हे, तर आपल्या नागपुरास! पंडित रघुवीर यांची सरस्वती विहार ही संस्था लाहोराहून येऊन त्या काळी नागपुरात नांदत होती. तिच्याच ग्रंथमालेत हे पुस्तक निघाले. ग्रंथकार १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दिल्लीच्या डच वकिलातीत अधिकारी होते, हे ध्यानी घेतले म्हणजे हा योग कसा जुळला असेल ते समजते.

सिद्धम् हे एका लिपीचे नाव आहे. गुप्तकालीन ब्राह्मीपासून ती निघाली. मंत्रांचा उच्चार तंतोतंत राहावा म्हणून बौद्ध भिक्षूंनी ती चीनला नेली, आणि कूकाई नामक जपानी आचार्य इ. स. ८०६ मध्ये चीनहून परतला तेव्हा त्याने ती आपल्याबरोबर जपानास नेली. आपल्याकडे ती केव्हाच मावळली. तेथे मात्र मंदिरांत आणि स्मशानातील लाकडी फळ्यांवर त्या अक्षरांतली बीजाक्षरे आजही लिहिली जातात, आणि देवनागरी जाणणाऱ्यास थोड्या सरावाने त्यांतील कित्येक ओळखताही येतात. लिपीस हे नाव का पडले? तर मुळाक्षरांच्या आरंभी 'सिद्धम्' हा मंगलशब्द लिहिण्याची वहिवाट होती म्हणून. इत्सिंग नावाचा चिनी यात्री सातव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात आला होता. येथील मुले सहाव्या वर्षी या 'सिद्धम्'पासून विद्यारंभ करतात, असे त्याने लिहून ठेविले आहे.

वाचकहो, आपण कोणत्याही कार्याच्या आरंभास 'ओनामा' म्हणतो. हा 'ओनामा' म्हणजे 'ॐ नमः सिद्धम्' याचाच झिजलेला अवशेष. धुळाक्षरे गिरविताना पंतोजी मुलांकडून 'ओ ना मा सी धं' असे घोकवून घेत, हे आम्ही आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकले आहे. त्या पाच अक्षरांचा अर्थ मुलांस ठाऊक नसे, आणि पुष्कळदा पंतोजींसही नसे. आम्ही स्वतः तीस वर्षांहून अधिक काळ संस्कृत शिकविले. परंतु आपल्या ओनाम्याचे अक्षर जपानातल्या स्मशानात जिवंत आहे ही गोष्ट आम्हांस एका रहस्यकथाकाराकडून कळावी लागली. डॉ. व्हान गुलिक यांनी त्या ग्रंथात एक मार्मिक गोष्ट दाखविली आहे. चीनमधील बहुतेक विद्वानांनी लिपी शिकणे म्हणजेच संस्कृत शिकणे असे मानले; व्याकरणाच्या खोल पाण्यात फारच थोडे उतरले. हे वाचून हसण्यापूर्वी आपण आपल्या घरातील पोथ्यांकडे एकवार पाहावे. आमच्याकडे तीन दप्तरे आहेत, त्यांवर हळदकुंकू वाहिले जाते, आणि त्यांतील एक गेली चाळीस वर्षे कोणी सोडलेले नाही.

असा हा मनुष्य रहस्यकथांकडे वळला कसा? १९३५ पासून ते डच परराष्ट्रखात्यात नोकरीस होते. तोक्यो, मग महायुद्धाच्या काळात चीनची तात्पुरती राजधानी छोंगछिंग, पुढे वॉशिंग्टन, पुन्हा तोक्यो, दिल्ली, बैरूत, क्वालालंपूर, आणि अखेरीस राजदूत म्हणून तिसऱ्यांदा जपान, असा त्यांचा प्रवास झाला. छोंगछिंग येथेच १९४३ साली त्यांनी श्वै शिफांग या सुशिक्षित चिनी कन्येशी विवाह केला. युद्धाच्या धामधुमीत एक अनामिक चिनी कादंबरी त्यांच्या हाती आली. इ. स. ६३० ते ७०० या काळात होऊन गेलेला डी रेन-जिये नामक प्रख्यात अधिकारी तिचा नायक. हा पुरुष खरोखरीच होऊन गेला आणि वू सम्राज्ञीच्या दरबारी मंत्रिपदास चढला. कादंबरीची प्रकरणे चौसष्ट. उत्तरार्ध दुसऱ्या कोणाच्या हातचा असावा असे ठरवून त्यांनी पहिल्या तीसच प्रकरणांचे भाषांतर केले आणि १९४९ साली तोक्यो येथे ते स्वतःच छापून घेतले.

त्यांचा हेतू असा होता की, हे पाहून चिनी व जपानी लेखकांनी आपल्याच पूर्वजांच्या न्यायकथांवर कादंबऱ्या लिहाव्यात. बाजारात जिकडे तिकडे पाश्चात्य गुप्तहेरांच्या नकला, आणि घरात एवढे धन पुरलेले! परंतु कोणी पुढे येईना, तेव्हा नमुन्यादाखल त्यांनी स्वतःच एक कादंबरी लिहिली. ती १९५१ मध्ये प्रथम जपानीत निघाली. १९५३ मध्ये त्यांनी स्वतः केलेली तिची चिनी आवृत्ती सिंगापुरास निघाली. आणि मूळ इंग्रजी त्यानंतर, १९५६ मध्ये, 'द चायनीज मेझ मर्डर्स' या नावाने. नमुना म्हणून जे काढले ते थांबलेच नाही. न्यायाधीश डी याच्या कथांची एकूण सोळा पुस्तके त्यांनी लिहिली.

हा न्यायाधीश म्हणजे आपल्या आजच्या कोर्टातला न्यायाधीश नव्हे. आमचे आजोबा निजामी अमलात तहसील कचेरीत कारकून होते. तहसीलदारसाहेब एकाच खुर्चीवर बसून सकाळी वसुलीचा हिशेब कसा घेत आणि दुपारी मारामारीचा खटला कसा चालवीत याच्या गोष्टी ते सांगत. चिनी जिल्हाधिकारी याहून मोठा: वसूल त्याचा, बंदोबस्त त्याचा, तपास त्याचा आणि निकालही त्याचाच. फिर्यादी व आरोपी दोघेही त्याच्यासमोर गुडघे टेकून बसत. कबुलीजबाबावाचून कोणास दोषी ठरविता येत नसे, आणि खोटी फिर्याद करणाऱ्यास त्या गुन्ह्याचीच शिक्षा भोगावी लागे. एवढी सत्ता एका माणसाच्या हाती. म्हणून तो माणूस कसा असावा हा प्रश्न चिनी लोकांस वाङ्मयात सारखा छळत आला आहे.

या विषयावर तेराव्या शतकातील एक चिनी ग्रंथ आहे. दोन दोन सारख्या खटल्यांच्या जोड्या लावून एकूण एकशे चव्वेचाळीस खटले त्यात दिले आहेत. डॉ. व्हान गुलिक यांनी त्याचेही भाषांतर केले, तेही १९५६ सालीच. त्यातील एक खटला सांगण्याचा मोह आवरत नाही. एका स्त्रीने नवऱ्यास ठार केले, घरास आग लावली, आणि नवरा आगीत जळून मेला असे सांगून आक्रोश मांडला. अधिकाऱ्याने दोन डुकरे आणविली. एक मारून, एक जिवंत, अशी दोन्ही सरपणावर ठेवून जाळली. जे जिवंत जळले त्याच्या तोंडात राख आढळली. जे आधी मेले होते त्याचे तोंड स्वच्छ. मग प्रेताचे तोंड उघडून पाहिले, तो आत राखेचा कणही नाही. उपाय क्रूर खरा. पण धुरात जिवंत माणूस श्वास घेतो आणि मेलेला घेत नाही, हे आजच्या शवपरीक्षेचे तत्त्व यात स्वच्छ दिसते. याच ग्रंथात एका मुलावर हक्क सांगणाऱ्या दोन जावांची कथा आहे, आणि ती वाचताना आपल्या जातकातील महोषधाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. तिथे एकीकडे यक्षिणी आणि दुसरीकडे आई मुलास ओढते. मुलास कळ लागताच जी हात सोडते ती खरी आई. गोष्ट कोठून कोठे गेली, की दोन्हीकडे आपापली उगवली, याचा निर्णय विद्वान करोत.

आपल्या संस्कृतातही न्यायसभा नाही असे नाही. 'मृच्छकटिका'चा नववा अंक आम्ही वर्गात कितीदा वाचून दाखविला असेल! चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा आरोप येतो. अधिकरणिक सज्जन आहे, चारुदत्ताविषयी त्याच्या मनात आदर आहे. तरी निकाल चुकतो. का चुकतो? या प्रश्नास आम्ही आजवर 'दैवगती' असे उत्तर देत आलो. आता वाटते की, उत्तर त्याहून साधे आहे. पुष्पकरंडक उद्यानात स्त्रीचे प्रेत आहे की नाही हे पाहण्यास अधिकरणिक वीरकास घोड्यावरून पाठवितो, आणि त्याने प्रेत असल्याचे सांगताच ते प्रमाण धरतो. न्यायाधीश डी स्वतः गेला असता. गेला असता तर ते प्रेत वसंतसेनेचे नव्हे हे त्यास कळले असते, आणि शूद्रकास दहावा अंक निराळा लिहावा लागला असता. शूद्रकाने तसे केले नाही ते बरेच झाले. परंतु तीस वर्षे शिकवूनही हा प्रश्न आमच्या मनात आला नव्हता, आणि कोणा विद्यार्थ्याने विचारला असता तर आम्ही त्यास खाली बसविले असते.

डॉ. व्हान गुलिक यांची लेखनाची रीत मोठी गमतीची होती. कथा घडावयाची त्या काल्पनिक नगराचा नकाशा ते आधी काढीत: वेस कोठे, कचेरी कोठे, देऊळ कोणत्या पेठेत, कालवा कोणीकडून. तो नकाशा पुस्तकाच्या आरंभी छापलेला असतो, आणि आमच्या घरी मुले वाचता वाचता त्यावर बोट फिरवीत असतात. चिनी परंपरेस अनुसरून एकाच वेळी तीन प्रकरणे न्यायाधीशापुढे येतात आणि त्यांचे धागे एकमेकांत गुंततात. कारण खऱ्या अधिकाऱ्यास एका वेळी एकच खटला कोण देतो? जुन्या चिनी कथांत गुन्हेगाराचे नाव वाचकास आरंभीच सांगून टाकीत, आणि भुतेखेते येऊन पुरावा देऊन जात. या दोन्ही गोष्टी त्यांनी काढल्या. चित्रे स्वतःच काढली, तीही मिंगकालीन लाकडी ठशांच्या धर्तीवर. कथा सातव्या शतकातील आणि पोषाख मात्र त्यानंतर कित्येक शतकांचे, असे का, याचा खुलासा त्यांनी पुस्तकांच्या शेवटच्या टिपणांत दिला आहे: जुने चिनी कादंबरीकार असेच करीत, म्हणून. कथानकाचे बीज कोणत्या जुन्या ग्रंथातून घेतले तेही ते तेथे प्रांजळपणे नमूद करतात. ही ऋण मान्य करण्याची चाल आमच्याकडील रहस्यकथाकारांनी उचलली असती तर कित्येक मराठी पुस्तकांच्या शेवटी इंग्रजी नावे छापावी लागली असती. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहिली आणि दोन पिढ्यांस वाचनाचे वेड लावले, हे त्यांचे उपकार आम्ही आता मोकळ्या मनाने मानतो. तरी 'कथासरित्सागर' आणि 'दशकुमारचरित' घरात असता झुंजार आणि काळापहाड यांचे पूर्वज विलायतेत शोधावे लागावेत याची चुटपुट वाटतेच.

आपल्या तीन प्रकारच्या कामांविषयी ते जे सांगत त्याचा आशय असा: वकिलातीचे काम आज आहे नि उद्या नाही, विद्वत्तेचे काम टिकते, पण तेथे मनुष्य वस्तुस्थितीचा दास असतो, कादंबरीत मात्र तोच मालक. तेव्हा कचेरीतून येऊन दास्यही करावे आणि मालकीही भोगावी, असा त्यांचा दिनक्रम होता.

आता छंद. शाई उगाळण्याच्या चिनी दगडांवर मी फू नावाच्या अकराव्या शतकातील चित्रकाराने एक निबंध लिहिला आहे. त्याचेही त्यांनी १९३८ साली भाषांतर केले. दगडावर एक ग्रंथ! परंतु आम्हांस ते नवल वाटले नाही. चिनी शाई म्हणजे पाइन वृक्षाची काजळी आणि सरस यांची कांडी. ती पाण्याबरोबर दगडावर घासावयाची. आमच्या घरी आजोबा दिव्याची काजळी आणि बाभळीचा डिंक घोटीत बसत. तो खलाचा घर्र घर्र आवाज अजून कानांत आहे. आणि या जिल्ह्यात शाईचे माहात्म्य काय सांगावे? अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१–१६१५) रोज एका ढब्बू पैशाची शाई संपवीत अशी आख्यायिका आहे. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा कापडावर त्यांनी लिहिलेली 'पासोडी' प्रसिद्धच आहे. चिनी चित्रांचे पट कसे चिकटवावे, गुंडाळावे, कसे टांगावे व दुरुस्त करावे, यावर डॉ. व्हान गुलिक यांनी १९५८ साली एक जाडजूड ग्रंथ रोमहून प्रसिद्ध केला. त्याविषयी वाचताना आम्हांस सारखी पासोडीच दिसत होती.

दुसरा छंद वाद्याचा. 'छिन्' नावाची सात तारांची चिनी वीणा ते पेकिंगच्या एका वृद्ध गुरूपाशी शिकले, आणि तिच्यावर १९४० साली ग्रंथ लिहिला. ही वीणा मैफलीची नव्हे. विद्वानाने एकांतात, फार तर एका समानशील मित्रासमोर, वाजवावयाची. स्थळकाळाचे नियम इतके की, गुरुचरित्राच्या पारायणासही तितके नसतील.

तिसरा छंद ऐकून आमच्या वहिनींनी कपाळास हात लावला. या गृहस्थांनी घरी गिबन पाळले होते! गिबन म्हणजे बिनशेपटीचा, लांब हातांचा वानर. आपल्या आसामात त्याची 'हूलॉक' ही जात आहे. क्वालालंपूरच्या घरातील बुबू नावाच्या गिबनाचा त्यांस फार लळा होता. जुन्या चिनी विद्वानांस साधे माकड चावट वाटे आणि गिबन सज्जन. झाडांच्या शेंड्यांवर राहणारा, पहाटे गाणारा, जणू अरण्यवासी मुनीच. 'द मंकी अँड द टायगर' या पुस्तकातील पहिली कथाच अशी सुरू होते: सकाळी न्यायाधीश घराच्या मागल्या सज्ज्यात गिबनांचे खेळ पाहत असता त्यांतील एकाच्या हातून पाचूची अंगठी गळून पडते. १९६७ साली, म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, त्यांनी चीनमधील गिबनांवर ग्रंथ काढला आणि त्यासोबत गिबनांच्या आवाजाची तबकडीही दिली. जुन्या कविता आणि चित्रे यांच्या आधारे त्यांनी दाखविले की, एके काळी हे प्राणी चीनमध्ये पुष्कळ उत्तरेपर्यंत होते. अरण्ये तुटली तसे ते दक्षिणेस हटत गेले. पन्नास वर्षांनी, २०१८ साली, शास्त्रज्ञांनी चीनच्या पहिल्या सम्राटाच्या आजीच्या थडग्यात सापडलेल्या कवटीवरून गिबनाची एक नामशेष जात जाहीर केली. तिचे नाव त्यांनी 'जुन्झी' ठेविले. त्या चिनी शब्दाचा अर्थ सज्जन!

दोषही सांगितले पाहिजेत. न्यायाधीश डी पक्का कन्फ्यूशसमतवादी असल्याने त्याच्या कथांत बौद्ध भिक्षू दिसला की बहुधा लबाड निघतो. 'गोल्ड मर्डर्स'ची कथा इ. स. ६६३ मधील आहे. पुलकेशीच्या महाराष्ट्रात पाऊल ठेवून गेलेला ह्युएन त्संग त्या वर्षी चीनमध्ये हयात होता आणि म्हातारपणी संस्कृत सूत्रांची भाषांतरे करीत बसला होता, हे ज्यास ठाऊक आहे त्यास ही गोष्ट टोचते. ग्रंथकार म्हणतात की, ही जुन्या चिनी लेखकांची दृष्टी आहे, आपली नव्हे. असेल. शिवाय स्त्रीपात्रांपैकी थोडीच मनात राहतात, आणि काही चित्रे घरात उघडी टाकण्याजोगी नाहीत. तेवढ्या पानांस वहिनींनी टाचणी लावून ठेविली आहे. प्राचीन चिनी दांपत्यजीवनावरील त्यांचा विद्वत्तापूर्ण ग्रंथही १९६१ साली निघाला. त्यातील नाजूक उतारे त्यांनी लॅटिनमध्ये दिले. संस्कृत टीकाकारांचा 'स्पष्टम्' म्हणून पुढे जाण्याचा मार्ग आम्हांस अधिक सोयीचा वाटतो.

डॉ. व्हान गुलिक २४ सप्टेंबर १९६७ रोजी हेग येथे वारले. वय अवघे सत्तावन्न.

'गोल्ड मर्डर्स' हल्ली आमच्या घरी रात्रीच्या जेवणानंतर वाचली जाते. नात इंग्रजी वाचते, आम्ही मराठीत सांगतो, थोरले बंधू ऐकता ऐकता डुलकी घेतात आणि नेमके खुनाच्या वेळी जागे होतात. डीच्या घरचा जुना म्हातारा कारभारी होंग आहे, तो वहिनींस सर्वांत आवडतो. असा माणूस घरात हवा, असे त्या म्हणतात. अभ्यासाच्या पुस्तकाआड काय आहे हे आता आम्ही पाहत नाही.

मकरसंक्रांतीस आम्ही त्या विद्यार्थ्यास तिळगुळाबरोबर पत्र पाठविले. जळालेल्या पुस्तकाचे नाव कळवावे, जुन्या बाजारात शोधून ते त्यास परत करण्याची आमची इच्छा आहे, असे लिहिले. कारण जाळण्यापूर्वी आम्ही त्याचे नावसुद्धा वाचले नव्हते. आठ दिवसांत उत्तर आले. नाव त्यासही आठवत नाही. शेवटची सोळा पाने राहिली होती आणि खुनी कोण ते कळले नाही, एवढे मात्र आठवते.